पाच टँकर आणि एक नाला
नदीचा ताळेबंद : लेखांक ५

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून निघालेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत शिरते. एवढ्याशा वाटेवर कोल्हापूर शहर, साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि इचलकरंजीच्या कापड प्रोसेस. नदी कोणी नासवली असं विचारलं की बोट आधी इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याकडे जातं. साहजिकच आहे, त्याचं पाणी दिसतं. पण दोषींची क्रमवारी डोळ्यांनी लावायला गेलं की फसगत होते.

क्रमवारी लागते भारावर. पाण्यात घाण किती दाट आहे आणि तसं पाणी दिवसाला किती येतं, यांचा गुणाकार म्हणजे भार. घाण मोजायचं नेहमीचं माप बीओडी : ती कुजवताना जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातील, तो आकडा. एखाद्या नाल्यातून रोज एक कोटी लिटर सांडपाणी येतंय आणि त्याचा बीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे असं धरा. भार झाला २,५०० किलो. आता डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं पाणी, घ्या. तो लिटरमागे ४५,००० मिलिग्रॅमच्या घरात सहज असतो. दहा हजार लिटरचे पाच टँकर ओढ्यात रिकामे केले, तर भार २,२५० किलो. म्हणजे अख्खा नाला आणि पाच टँकर जवळपास तोलामोलाचे! कागदावर मात्र डिस्टिलरीतून बाहेर पडणारं पाणी शून्य असायला हवं, त्यामुळे परवान्याच्या अर्जातले आकडे उतरवून केलेल्या यादीत ती तळाला जाते.

नदीत पाणी सोडणाऱ्या ज्या उद्योगाचा बीओडी भार दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त, तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लेखी 'अतिप्रदूषक'. घातक रसायनं हाताळणाराही त्यात येतो. व्याख्या बरी आहे, पण मिठाचं काय? सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायला भरपूर मीठ लागतं. ते बीओडीत दिसत नाही, जिवाणू ते खात नाहीत, आणि साध्या प्रक्रियेतून ते जसंच्या तसं पुढे जातं. खालच्या शेतकऱ्याच्या रानाला मात्र ते कळतं. म्हणून एकच यादी करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. ऑक्सिजनची वेगळी करावी, क्षारांची वेगळी.

नाल्याचा प्रवाह मोजायला फार काही लागत नाही. काठावर दहा मीटर अंतर आखायचं, नारळ सोडायचा, सेकंद मोजायचे. वरचं पाणी जरा जास्त पळतं, म्हणून आलेला वेग ०.८५ ने गुणायचा, मग रुंदी आणि सरासरी खोली. नमुना मात्र दर दोन तासांनी, चोवीस तास घ्यावा लागतो. दुपारी बाराला बाटली भरून नेणाऱ्याला रात्रीचा टँकर कसा सापडणार?

उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की पाणी तुंबतं आणि वरून आलेलं सगळं तिथेच मुरतं. मासे मरतात ते बंधाऱ्यापाशी, चूक मात्र बरीच वर झालेली असते. तिथे ऑक्सिजनमापक बसवला, तर उलटा माग काढता येतो. पहाटे चारला ऑक्सिजन घसरला आणि पाणी तासाला अर्धा किलोमीटर सरकत असेल, तर आदल्या रात्री दहाला तीन किलोमीटर वरच्या कोणत्या ओढ्यातून काय आलं, हे विचारायला जायचं.