जुन्या जोत्यावर नवं घर

घर पाडायचं ठरलं की आमच्याकडे पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो आणि शेवटचा इंजिनिअरला. मी रत्नागिरी जिल्ह्यात घरांची स्ट्रक्चरल कामं करतो. हा क्रम उलटा करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुना पाया पुन्हा वापरता येईल की नाही, याचे निम्मे पुरावे उभ्या घरातच असतात. भिंती पाडल्या की तेही ढिगाऱ्यात जातात.

आधी भेगा बघाव्यात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून चिऱ्यांच्या सांध्यांतून पायरीपायरीने तिरकी गेलेली भेग बहुतेक वेळा त्या बाजूचा पाया खचल्याची खूण असते. दाराची चौकट वाकडी झाली असेल, जमीन एकाच कोपऱ्याकडे उतरली असेल, तर तेही लिहून ठेवावं. भेग जुनी आहे की अजून वाढते आहे, हे कळण्यासाठी तिच्यावर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवतात आणि एक पावसाळा जाऊ देतात. काच तडकली तर हालचाल अजून थांबलेली नाही. आमच्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मे महिन्यात ठणठणीत वाटणारी जमीन ऑगस्टमध्ये कशी वागते, हे पाहिल्याशिवाय मी मत देत नाही.

राजापूर तालुक्यातल्या एका घराचं सांगतो. मुंबईतून निवृत्त होऊन गावी आलेल्या काकांना जुन्या जोत्यावर स्लॅबचं एकमजली घर हवं होतं. “साहेब, आजोबांनी कातळात घातलेला पाया आहे. त्याला काय होतंय?” असं ते म्हणाले. जोतं खरोखरच देखणं होतं, घडीव जांभ्याचं, कंबरेएवढं उंच. पण जोतं दिसतं, पाया जमिनीखाली असतो. घर उतारावर होतं. आम्ही कोपऱ्यांना आणि मधल्या भिंतीलगत खड्डे घेतले. मागचे कोपरे कातळावर बसलेले निघाले. पुढचा एक कोपरा मात्र भरावाच्या मातीवर टेकला होता आणि शेजारच्या फणसाची मुळं त्याच्या सांध्यांत शिरली होती. घरातली सगळ्यात रुंद भेग नेमकी त्याच कोपऱ्यावर होती.

अशा खड्ड्यात चार गोष्टी पाहायच्या असतात: पायाची रुंदी, खोली, दगड मातीत बसवलाय की चुन्यात, आणि त्याखाली काय आहे. कातळ किंवा घट्ट मुरूम असेल तर उत्तम. भराव, मळ्याची माती किंवा वारूळ निघालं तर सावध व्हावं. भारतीय मानकानुसार पाया जमिनीखाली किमान 50 सेंटिमीटर हवा. जुन्या घरांत तो कधी तेवढाही नसतो. खणताना भिंतीच्या कडेने सलग चर मात्र मारू नये. तसं केलं तर उभ्या भिंतीचा आधारच निघून जातो.

पाया मजबूत आहे का, एवढंच विचारून भागत नाही. तो कशासाठी मजबूत आहे, हेही विचारावं लागतं. वाशांसकट मंगलोरी कौलांच्या छपराचं वजन चौरस मीटरला साधारण 65 किलो असतं. पाच इंची स्लॅबचं ते 300 किलोंच्या वर जातं. फरशी, सामान आणि माणसं वेगळीच. शिवाय जुन्या घरात भिंतीचा भार पायाच्या सबंध लांबीवर पसरतो. कॉलमचं घर बांधलं की तोच भार मोजक्या ठिकाणी एकवटतो. वर एक मजला असलेल्या घरात आतल्या एका कॉलमवर 25-30 टन सहज येतात. दीड-दोन फूट रुंदीचा दगडी पाया एका जागी एवढं वजन पेलण्यासाठी घातलेलाच नसतो. म्हणून जुन्या जोत्यावरच कॉलम उभे करणं मला मान्य नाही. कॉलमला खालपर्यंत स्वतःचं फुटिंग हवं.

काकांच्या घराचे आम्ही दोन भाग केले. ओटी आणि माजघर जुन्या पायावरच चिऱ्याच्या भिंतींनी उभं केलं आणि वर कौलारू छप्पर ठेवलं. खचलेल्या कोपऱ्याखाली थोडं थोडं खणून, एक टप्पा पक्का झाल्यावरच दुसरा घेत, खालच्या घट्ट थरापर्यंत काँक्रीट नेलं. फणस तोडला नाही, पण पायात शिरलेली मुळं काढली आणि मध्ये अडभिंत घातली. स्लॅबचा भाग मागे, कातळावर, वेगळ्या फुटिंगवर घेतला.

या दोन भागांत वरपासून खालपर्यंत फट सोडली. ती का, हे काकांना पटायला वेळ लागला. जुन्या पायाखालची माती कित्येक वर्षांच्या वजनाने दाबली जाऊन बसलेली असते. नव्या पायाखालची जमीन आता कुठे बसायला लागणार असते. दोन्ही भाग एकमेकांत गुंतवले तर नवा खाली जाताना जुन्याला ओढतो आणि सांध्यावर भेग पडते. जुन्या घराला नवं स्वयंपाकघर किंवा संडास-बाथरूम जोडलेल्या कितीतरी घरांत ही भेग दिसते. दरवर्षी ती लांबी भरून रंगवली जाते आणि दरवर्षी परत येते.

जोतं ठेवायचं ठरलं तरी त्यावर सगळ्या भिंतींखालून सलग आरसीसीचा पट्टा फिरवावा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती सुट्या होऊन कोसळल्या. भिंती एकमेकींना बांधून ठेवणारं त्यांत काही नव्हतं. जोत्याला एक आणि दार-खिडक्यांच्या वर एक, असे दोन पट्टे घराला एकजीव करतात. जोत्यावर ओल रोखणारा थरही हवा, कारण जांभा भिजला की त्याची ताकद उतरते. आतली जुनी भर काढून उंदरांची बिळं आणि वाळवी पाहावी, मग मुरमाचे थर पाणी मारून चोपावेत.

मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांनी जास्त काळजी घ्यावी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पाया दरवर्षी वरखाली हलवते. तिथे जोतं शाबूत दिसलं तरी पाया त्या हालचालीच्या खाली गेला आहे का, हे तपासावंच लागतं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले पाइल विकसित केले. नवा पाया घालायचा झाला तर त्याबद्दल इंजिनिअरला विचारावं.

कागदही जमिनीइतकेच तपासावेत. कोकणात जोतं पुष्कळदा सामायिक असतं. उताऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची नावं असतात. सगळ्यांची लेखी संमती आधी घ्यावी. जुन्या जागीच बांधतोय म्हणून परवानगी नको, हा समजही चुकीचा आहे. रस्त्यापासूनचं अंतर आजच्या नियमात बसत नसेल, तर उत्तम पायाही अडचणीत येतो.

एवढा खटाटोप करायचा, कारण चांगला पाया वाचवला की खोदाई, दगड, सिमेंट आणि ढिगारा वाहून नेण्याचा खर्च वाचतो. चिरेखाणींनी आमचे सडे पोखरले आहेत. जागेवर राहिलेला प्रत्येक चिरा तिथली एक कापणी टाळतो. म्हणून घराची शेवटची कौलं उतरवण्याआधी खड्डे घ्या, फोटो काढा आणि इंजिनिअरकडून लेखी अहवाल मागा. पाया किती खोल, कशावर बसलेला आणि किती भार घेईल, या तीन गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. तो अहवाल हातात आला की नव्या घराचा नकाशा काढायला घ्या.