डीपीवर भार किती?

नाशिकजवळ सातपूरला किंवा अंबडला गेलात, तर कारखान्याच्या आवारात जाळीच्या कुंपणात तेलाने भरलेली एक लोखंडी टाकी दिसेल. कागदोपत्री तिला रोहित्र म्हणतात. आपण गावात डीपी म्हणतो. अकरा हजार व्होल्टची वीज उतरवून ती चारशेच्या आसपास आणते.

आता असे पहा. कारखान्यात सारखे दहा लेथ आहेत. मग डीपी दहांच्या बेरजेएवढी घ्यावी काय? कारागीर नग बसवतो, माप घेतो, तेवढा वेळ लेथ थांबतो. समजा, प्रत्येक लेथ निम्मा वेळच चालतो. गुरुजींनी वर्गात दहा नाणी उडवून पाहावीत. छापा म्हणजे लेथ चालू. दहाही छापे १०२४ खेपांत सरासरी एकदाच पडतात, नऊ किंवा दहा छापे अकरा वेळा. म्हणजे आठ लेथांचा हिशेब शंभरात नव्व्याण्णव वेळा पुरतो. उरलेल्या वेळी भार घटकाभर चढला तरी बिघडत नाही, कारण एवढे तेल तापायला वेळ लागतो. पण नुसती सरासरी, म्हणजे पाचच लेथ धरले, तर शंभरात सदतीस-अडतीस वेळा भार वर जाईल. आणि भार दुप्पट झाला की तारेच्या वेटोळ्यातली उष्णता चौपट होते! वेटोळ्यावर कागद गुंडाळलेला असतो. मर्यादेपुढे दर सहा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते.

मात्र या हिशेबात एक मेख आहे. एक नाणे दुसऱ्याचे पाहून पडत नाही. यंत्रांचे तसे नाही. जेवणाची सुट्टी संपली की सगळी एकदम सुरू होतात. म्हणून इंजिनियर तासातासाच्या भाराची नोंद ठेवतात.

निफाड-दिंडोरीच्या शिवारात तर नाण्यांचा हिशेब लागूच पडत नाही. कांद्याला, द्राक्षाला पाणी सगळ्यांनाच हवे, आणि शेतीची वीज ठराविक तासच. ती आली रे आली, की ऑटो स्विच सगळ्या मोटारी एका दमात चालू करतो. सुरू होताना मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते. ऑटो स्विच काढून मोटारी एकामागून एक लावल्या, तर हा झटका टळतो. बेरीज मात्र पुरीच राहते. पाच अश्वशक्तीच्या, कपॅसिटर नसलेल्या दहा मोटारींनी ६३ केव्हीएची डीपी जवळजवळ भरते. अकरावी कोणी गुपचूप जोडली, तर डीपी जळू शकते, आणि दुसरी येईपर्यंत अकराही जणांचे पीक पाण्यावाचून उभे राहते.