ओठांवर राहिलेली वाक्ये

पुस्तक वाचून पन्नास वर्षे झाली की गोष्ट विसरायला होते. पात्रांची नावे एकमेकांत मिसळतात, शेवट काय झाला तेही आठवत नाही. पण एखादे वाक्य मात्र जसेच्या तसे राहते. भाजी चिरताना किंवा बसची वाट बघत उभे असताना ते आपोआप ओठांवर येते आणि मन प्रसन्न होते. हे असे का होते, यावर आपल्यापैकी पुष्कळांनी विचार केला असेल.

एक कारण आपल्या मायबोलीच्या घडणीतच आहे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. ते येईपर्यंत ऐकणारा थांबून राहतो, आणि ते आले की वाक्य डब्याच्या झाकणासारखे घट्ट बसते. हिब्रूत क्रियापद आधीच येऊन जाते, तिची गंमत निराळी. शिवाय आपला तो एवढासा 'च'! 'मीच येईन' आणि 'मी येईनच' यांत केवढा फरक! हिब्रूतला 'दावका' कधीकधी त्याच्या जवळपास जातो, पण 'च' तो 'च'च. तसेच 'म्हणे'. 'तो म्हणे आला होता' यात बातमी आहे आणि थोडा संशयही आहे. हिब्रूत 'ओमरीम शे' म्हणावे लागते, आणि तरी तो संशय काही येत नाही.

दुसरे कारण म्हणजे, लक्षात राहणारी वाक्ये बहुतेक बोलल्यासारखी लिहिलेली असतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. १९३४ ते १९३७ या काळात ती चार भागांत आली. बाईंचे शाळेतले शिक्षण नव्हते, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, विक्षिप्त आणि प्रेमळ नवरा, धर्मांतरामुळे झालेली ताटातूट, हे सगळे त्या ओट्यावर बसून शेजारणीला सांगावे तसे सांगतात. वाक्ये लहान, अलंकार नाहीत. हसता हसता एकदम डोळ्यांत पाणी येते.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती छापली गेली. तिच्यात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. रोज रात्री बसून सांगायची गोष्ट! म्हणूनच ती मोठ्याने वाचली की जास्त भिडते. आणि तो पालगडचा, दापोलीकडचा परिसर म्हणजे आपला कोकणच की.

'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे तर पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तेलाच्या घाण्यांच्या मुलुखातले. दक्षिणा मिळवायला उत्तरेस गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुस्तक छापून आले १९०७ साली. एवढा हाहाकार सांगतानाही माणूस आवाज चढवत नाही, म्हणून अंगावर काटा येतो.

आपल्या समाजाला तर कानाने ऐकलेली मराठी फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हाग्गादा छापली गेली, १८७४ साली पुण्याला सचित्र हाग्गादा निघाली. पुढे आपल्या लोकांनी योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने केली. अक्षर न येणाऱ्या आज्यांनाही त्यातली वाक्ये तोंडपाठ होती. वल्हांडणाच्या रात्री मिसरातून निघाल्याची हकिगत मराठीत ऐकली, की ती आपल्याच घरात घडल्यासारखी वाटे.

आता काळजीची गोष्ट. इथे येताना वजनाच्या हिशेबात पुस्तके मागे राहिली. जी आली, त्यांची पाने पिवळी झाली, आपली नजरही अधू झाली. लोद, रामले, अश्दोद, दिमोना, कुठेही जा, नातवंडांना मराठी थोडी समजते, पण देवनागरी वाचता येत नाही. आपल्यामागे ही पुस्तके कोण उघडणार? कपाट रिकामे करायची वेळ आली की ती कागदाच्या टोपलीत जाणार, हे कडू असले तरी खरे आहे.

परंतु वाक्याला कपाट लागत नाही. नातवाला अख्खे पुस्तक वाचायला सांगू नका, तो पळून जाईल. शुक्रवारी संध्याकाळी जेवण झाले की आपले आवडते एकच वाक्य त्याला म्हणून दाखवा. अर्थ हिब्रूत सांगा, पण वाक्य मराठीतच म्हणा, 'च' आणि 'म्हणे' यांच्यासकट. हवे तर हिब्रू अक्षरांत लिहून द्या, किंवा मोबाईलवर आपल्या आवाजात भरून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे. पुढे कधीतरी, भलत्याच वेळी, ते त्याच्या ओठांवर येईल आणि तोही स्वतःशीच हसेल.

तेव्हा उद्याची वाट बघू नका. येत्या शब्बाथलाच सुरुवात करा.