स्टायपेंड किती आणि उरतो किती?

गेटचा निकाल लागला की होस्टेलवर एकच प्रश्न ऐकू येतो, "स्टायपेंड किती?" खरं तर विचारायला हवं, "महिनाअखेर हातात उरतील किती?" कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी कर्जाचा हप्ता किंवा धाकट्या भावंडाची फी उभी असते. माझ्याही घरी आहे.

आधी आकडे पाहू. गेट देऊन एम.टेक.ला गेलात तर महिना 12,400 रुपये, जास्तीत जास्त 24 महिने. हा आकडा दहा वर्षांहून जास्त काळ हललेला नाही. जे.आर.एफ. मात्र 2019 मध्ये 31,000 झाली आणि जानेवारी 2023 पासून 37,000. दोन वर्षांनी एस.आर.एफ. मिळाली तर 42,000. शिवाय होस्टेल मिळालं नसेल तर घरभाडे भत्ता. तो शहराप्रमाणे बदलतो. 2024 पासूनच्या दराने पुण्याला 30 टक्के, नाशिक-संभाजीनगरला 20 आणि आपल्या नगरला 10 टक्के.

मी केडगावचा. नगरमध्ये डी.आर.डी.ओ.ची व्ही.आर.डी.ई. आहे, पुण्यात ए.आर.डी.ई. समजा, दोन्हीकडे जे.आर.एफ. मिळाली. पुण्याला 37,000 अधिक 11,100, म्हणजे 48,100. नगरला 40,700. पुणे 7,400 ने पुढे! पण थांबा, खर्च मांडू. पुण्यात राहणाऱ्या मित्रांना विचारून मी असा हिशेब धरला: दोघांत खोली 7,500, खानावळ 4,000, चहा-नाश्ता 1,500, रोजचं जाणं-येणं 1,500, घरी फेऱ्या आणि किरकोळ 1,500. एकूण 16,000. उरले 32,100.

नगरला घरूनच जाणार. घरात 6,000 दिले, पेट्रोल 2,000. उरले 32,700. म्हणजे नगरच 600 ने पुढे! जो मुलगा नगरला खोली घेऊन राहील, त्याचं गणित अर्थातच वेगळं येईल. म्हणून दुसऱ्याचा हिशेब उचलू नका, स्वतःचा मांडा.

अजून दोन गोष्टी. पहिली, स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे, तो दर एक तारखेला येईलच असं धरू नका. निदान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे वरच्या हिशेबाने 48,000, गाठीला हवा. दुसरी, एम.टेक.च्या 12,400 मधून सत्राची फी आणि मेसही जाते. त्यामुळे तिथे शिल्लक शोधू नका, घरून मागावं लागणार नाही एवढं जमतंय का ते बघा.

आणि शिल्लक जवळपास सारखीच निघाली, तर पैसा बाजूला ठेवा आणि काम बघा. व्ही.आर.डी.ई. म्हणजे वाहनं, ए.आर.डी.ई. म्हणजे तोफा आणि पिनाकासारखी रॉकेटं. पुढची चार-पाच वर्षं ज्यात डोकं घालायचं आहे, ते 600 रुपयांवर ठरवू नये. अंथरूण पाहून पाय पसरा, पण आधी अंथरूण मोजा तर खरं!