जपानी गेममध्ये आपली कट्यार! कोणाच्या हातात आहे? वाचा

'सोलकॅलिबर' ही जपानच्या नामको कंपनीची मारामारीची गेम मालिका. सुरुवात १९९५ च्या 'सोल एज'पासून झाली. यात ज्याचं त्याचं हत्यार ठरलेलं. मित्सुरुगीकडे कटाना तलवार, किलिककडे लांब काठी, तर आयव्हीची तलवार चाबकासारखी लांबते. काठीवाला समोरच्याला लांबूनच रोखतो. आखूड हत्यारवाल्याला जवळ घुसावंच लागतं.

इटलीचा व्होल्डो मात्र दोन्ही हातांत कट्यार घेऊन लढतो. त्यांची नावं 'मानस' आणि 'आयुस'. कट्यार मूळची भारतातली. तिची मूठ आडवी असते, पातं बोटांच्या पुढे सरळ येतं. त्यामुळे ठोसा मारला की थेट वार होतो.

पोरं हे हत्यार परदेशी समजत असतील, तर त्यांना सांगा, ही आपल्याकडचीच कट्यार आहे. संग्रहालयात गेलात की आडवी मूठ बघा, लगेच ओळखाल.