चाकांवरील घर आणि एका रात्रीचा आसरा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमचे ज्येष्ठ बंधु निवर्तल्यापासून घरांतील वडीलकी वहिनींकडे आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, जर्मनींत नोकरीस असतो. त्यानें आईस कळविलें कीं, "या उन्हाळ्यांत तूं ये. निजण्याबसण्याची सोय असलेली मोटार भाड्यानें घेऊं आणि फ्रान्सपर्यंत फिरून येऊं. हॉटेलांची यातायात नाहीं. रात्र पडेल तेथें मुक्काम, आणि पुष्कळ ठिकाणीं तो फुकट." वहिनींनीं तें वाचलें आणि चष्मा काढून ठेवीत त्या म्हणाल्या, "भावोजी, सत्तरी उलटल्यावर परमुलखांत रस्त्याच्या कडेला निजायची वेळ यावी, असें आपल्या घरावर काय संकट कोसळलें आहे?"

आम्ही उभयतां आदल्या वर्षीं पुतण्याकडे जाऊन असाच प्रवास करून आलों होतों. म्हणून निवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें. परदेशस्थ मुलांकडून असें आमंत्रण आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरींहि येत असेल. तेव्हां वहिनींस जें सांगितलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडतों.

प्रथम आपल्याच एका शब्दाचा विचार करूं. 'अतिथि' हा शब्द आपण पाहुण्यास सरसकट लावतों. परंतु मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत अतिथीचें लक्षण सांगतांना एका रात्रीचा मुक्काम हीच त्याची खूण मानली आहे. ज्याची स्थिति नित्य नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोडहि तेथें केलेली आहे. तात्पर्य, वाटसरूनें एका रात्रीचा आसरा मागण्यांत हीनपणा नाहीं. हीनपणा असलाच तर तो दुसऱ्या दिवशीं न उठण्यांत आहे.

आमचा हा परिसर तर मुक्कामावरच वाढलेला. पूर्वीं या वाटेनें जाणारे येथें घोडे बदलीत, म्हणून हें बदलापूर, अशी येथील जुनी समजूत आहे. अंबरनाथचें शिवालय शिलाहारांच्या काळचें; त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. आमच्या लहानपणीं महाशिवरात्रीच्या यात्रेस आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या येत, आणि आदल्या रात्रीं माणसें गाडीखालींच पथारी टाकून निजत. त्यांस कोणी बेघर म्हटलें नाहीं. उल्हासनगरची कथा याहून गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराच्या तात्पुरत्या वस्तीसाठीं छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस त्याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें उल्हासनगरची स्थापना झाली. शिपायांच्या चार दिवसांच्या मुक्कामासाठीं बांधलेल्या जागेंत पिढ्या नांदल्या. ज्यांस परतण्यास घर होतें त्यांचा मुक्काम, आणि ज्यांस तें उरलें नव्हतें त्यांचा मुक्काम, यांतील अंतर आम्ही येथें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. वहिनींचा प्रश्न म्हणूनच आम्हीं हंसण्यावारीं नेला नाहीं.

आतां परदेशाकडे वळूं. या मोटारींत दोन-तीन बिछाने, लहानशी चूल, पाण्याची टांकी व शौचकूप एवढें सर्व बसविलेलें असतें. दिवसा ती वाहन, रात्रीं ती खोली. ती उभी करण्याचे नियम मात्र देशागणिक निराळे. जर्मनींत सार्वजनिक वाहनतळावर, मनाईची पाटी नसल्यास, चालकानें पुन्हा गाडी हांकण्यास समर्थ व्हावें एवढ्यापुरती एक रात्र गाडींत झोंप घेतां येते. एक रात्र! मनूची अट आणि जर्मनांची अट एकच निघाली, हें पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. याशिवाय तेथील अनेक गांवांनीं अशा गाड्यांसाठीं खास जागा आंखून दिल्या आहेत. कांहीं विनामूल्य, कांहीं अल्प मोलाच्या. फ्रान्समध्येंहि गांवोगांव तशी सोय असून बहुधा तेथेंच पाणी भरण्याची व मैलपाणी टाकण्याची व्यवस्था असते.

अमेरिकेंत सरकारी भूमिखात्याच्या मोकळ्या रानांत साधारणतः अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस फुकट राहतां येतें. मग तळ हालवावाच लागतो. मोठ्या दुकानांच्या अंगणांत रात्र काढण्याचा प्रघातहि तेथें आहे, पण व्यवस्थापकास विचारूनच. उलट क्रोएशियांत नेमलेल्या तळांबाहेर मुक्काम करण्यास कायद्यानें बंदी आहे. स्कॉटलंडांत कोणाच्याहि माळरानावर पायीं हिंडण्याचा व तंबू ठोकण्याचा हक्क २००३ च्या कायद्यानें मिळाला, परंतु तो मोटारवाल्यांस नाहीं. 'परदेशांत कोठेंहि राहतां येतें' असें जे कोणी सांगतात, त्यांवर विसंबून कोणीं निघूं नये.

आम्ही स्वतः विसंबलों आणि फसलों, तेंहि सांगितलें पाहिजे. एका समुद्रकिनाऱ्यावरील वाहनतळावर आम्ही सायंकाळीं उतरलों. पुतण्या नऊ तास गाडी हांकून थकला होता. आम्हांस मात्र समुद्रासमोर बसून चहा घेण्याची हौस. आमच्याच आग्रहावरून त्यानें गाडींतील टेबल-खुर्च्या बाहेर मांडल्या. रात्रीं दोन वाजतां दारावर थाप पडली. पोलीस उभे होते. रात्रीं दहानंतर मुक्कामास मनाई असल्याची पाटी प्रवेशाशींच होती. आमच्यापैकीं कोणींहि ती वाचली नव्हती. त्यांतून खुर्च्या बाहेर. दंड भरावा लागला आणि तत्काळ निघावें लागलें. अपुऱ्या झोंपेनें तारवटलेल्या डोळ्यांनीं पुतण्या काळोखांत गाडी हांकूं लागला. अर्ध्या तासांतच त्याची मान कलली, आणि डावी चाकें रस्ता सोडून मातींत गेलीं. आमच्या पत्नीनें त्याच्या नांवानें हांक मारली म्हणून तो सावध झाला; नाहीं तर हा लेख लिहिण्यास आम्ही उरलों नसतों. पुढें एका पेट्रोलपंपाच्या मालकास विचारून, त्याच्या आवारांत आम्हीं पहांटेपर्यंत अंग टाकलें. फुकट मुक्काम ही केवळ पैशाची बचत आहे, हा आमचा समज त्या रात्रीं गेला. थकलेल्या चालकास थांबण्याची जागा मिळणें हा जीविताचा प्रश्न आहे. आणि ती जागा आम्ही आमच्या हौसेपायीं व निष्काळजीपणानें घालवून बसलों होतों.

दुसरा अनुभव याच्या अगदीं उलट. 'फ्रान्स पासिआं' नांवाची एक व्यवस्था त्या देशांत आहे. शेतकरी, द्राक्षमळेवाले, चीज करणारे असे यजमान आपल्या आवारांत अशा गाडीस चोवीस तासांपर्यंत विनामूल्य थांबूं देतात. प्रवाशानें वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हावयाचें एवढेंच. गाडींत स्वतःचें शौचकूप हवें, येतांना यजमानास भेटावें, निघतांना निरोप घ्यावा. माल विकत घेण्याची सक्ति नाहीं. आम्ही ज्या मळ्यांत उतरलों तेथील वृद्धानें हातानें जागा दाखविली, पाण्याचा नळ दाखविला आणि तो आपल्या कामास निघून गेला. आमची भाषा त्यास येत नव्हती, त्याची आम्हांस. सकाळीं आमच्या पत्नीनें त्याच्या घरीं डबाभर बेसनाचे लाडू नेऊन दिले, तेव्हां त्याची म्हातारी बाहेर आली आणि परसांतील जर्दाळू हिच्या पदरांत घालून गेली. त्या दोघींचें काय बोलणें झालें तें देवास ठाऊक. पण दोघी बराच वेळ बोलत होत्या.

अशा सवलती टिकतात कशा आणि जातात कशा, याचा धडा न्यूझीलंडनें घालून दिला आहे. तेथें २०११ सालीं मोकळ्या मुक्कामाचा कायदा झाला. परंतु कांहीं प्रवासी आडोशास शौचास बसत, कचरा टाकून जात. गांवकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. अखेर २०२३ सालीं कायदा कडक करण्यांत आला. आतां नगरसंस्थांच्या जागेवर, त्यांनीं निराळी मुभा दिली नसल्यास, गाडींत पक्कें बसविलेलें शौचकूप असल्याचा दाखला लागतो. अंथरूण घातलेलें असतांनाहि तें आंतून वापरतां आलें पाहिजे. घाण थोड्यांनीं केली, बंधन सर्वांस आलें.

जाऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठीं चार व्यावहारिक सूचना. आपल्याकडचा परवाना असणाऱ्यानें निघण्यापूर्वींच आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. आमच्या भागांतील लोकांस तो कल्याणच्या परिवहन कार्यालयांतून मिळतो व त्याची मुदत एका वर्षाची असते. युरोपांत साध्या मोटारीच्या परवान्यावर सर्वसाधारणपणें साडेतीन टनांपर्यंतचेंच वाहन चालवितां येतें. माणसें, पाणी व सामान धरून वजन त्याच्या आंत राहील हें पाहावें. निजतांना चूल व गॅसची कळ बंद करावी, हवेची झडप कधींहि बुजवूं नये, आणि विषारी वायूची सूचना देणारें यंत्र चालू आहे कीं नाहीं तें रोज तपासावें. मैलपात्र नेमलेल्या ठिकाणींच रिकामें करावें. ओढ्यांत किंवा झाडींत कदापि नाहीं. सूर्यास्तापूर्वीं जागा गांठावी, पाटी दोनदां वाचावी, खुर्च्या आंतच ठेवाव्यात. हमरस्त्यालगतच्या विश्रांतिस्थळांवर चोऱ्या होतात, म्हणून शक्य तों गांवांतील जागा बरी. वडील माणसें बरोबर असल्यास तिसऱ्या-चौथ्या रात्रीं पैसे देऊन सर्व सोयींच्या तळावर उतरावें. सुखानें स्नान झालें म्हणजे पुढचे तीन दिवस कुरकुर होत नाहीं.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. परंतु धोरणाच्या कितीतरी आधीं आषाढी वारीनें हें शास्त्र पूर्ण केलेलें आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम करीत पंढरीस जाते. प्रत्येक दिंडीचा सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, आणि वाटेवरचे शेतकरी आपलीं रानें त्यांच्या तंबूंस मोकळीं करून देतात. पहांटे तळ उठतो. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते. सरकारी पथकांनीं त्यांस बोटींतून बाहेर काढलें, परंतु सर्वांआधीं आसपासच्या खेड्यांतील माणसें धांवलीं, आणि बदलापूरच्या मंगल कार्यालयांत त्या ओल्या माणसांच्या अन्नपाण्याची व्यवस्था झाली. आतिथ्य आमच्या रक्तांत आहे यांत शंका नाहीं. मात्र तें संकटाच्या व यात्रेच्या दिवशींच जागें होतें. अंबरनाथच्या कारखान्यांकडे माल घेऊन येणारे ट्रकचालक बाराहि महिने रस्त्याच्या कडेला, गाडीच्या टपांत निजतात. त्यांस आंघोळीस नळ नाहीं, शौचास जागा नाहीं. पुतण्याच्या गाडीस मुक्काम देणाऱ्या त्या फ्रेंच वृद्धाचें स्मरण आम्हांस अलीकडे त्या रस्त्यानें जातांना होतें, आणि मान खालीं जाते.

वहिनींनीं हें सर्व ऐकून घेतलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आठ दिवसांनीं मात्र त्यांनीं मुलास कळविलें, "येतें. पण रोज नऊ तास गाडी हांकायची नाहीं, दिवस मावळायच्या आंत थांबायचें. आणि केरसुणी मी येथूनच आणणार आहें. ज्याच्या अंगणांत उतरूं, त्याचें अंगण निघतांना झाडून द्यायचें."

ती केरसुणी बॅगेंत मावेना, म्हणून तिचा दांडा आम्हींच कापून आंखूड करून दिला.