मनगटावरचा आकडा आणि छातीतली धाप

सातारा हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट लागला की अनेकांची नजर मनगटाकडे वळते. चढ सुरू होऊन अर्धं मिनिट झालं तरी घड्याळ हृदयाचे मिनिटाला १४५ ठोकेच दाखवत असतं. अजून बराच दम शिल्लक आहे असं वाटून पाय जोर धरतात. आकडा १७५ वर पोचतो तोवर धाप लागलेली असते.

यात घड्याळाची चूक नसते. स्नायूंची प्राणवायूची मागणी क्षणात वाढते, पण ठोके त्या पातळीला स्थिरावायला दोन-तीन मिनिटं घेतात. त्यामुळे तीस सेकंदांच्या जोरदार धावेत आकडा पाहून वेग ठरवणं व्यर्थच. लांब पल्ल्यात गोष्ट उलटी होते. मुंबईच्या दमट हवेत घाम जातो, रक्तातलं पाणी घटतं, दर ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं आणि वेग तोच असूनही ठोके वाढत राहतात. आकड्याच्या धाकानं इथे वेग कमी करणं मात्र शहाणपणाचं, कारण शरीर खरोखरच तापलेलं असतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो इटालियन संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. व्यायामाच्या सायकलवर पेडल मारणाऱ्यांना त्यांच्या हृदयाचे म्हणून ठोके ऐकवले, पण काही वेळा मुद्दाम खऱ्यापेक्षा जलद. मेहनत तेवढीच होती, तरी लोकांना ती जास्त जड वाटली. संथ ठोके ऐकवल्यावर मात्र ती हलकी वाटली नाही! म्हणजे थकवा हा निव्वळ पायांत साठत नाही; मेंदू आतून येणारी आणि बाहेरून कळणारी माहिती एकत्र करून तो ठरवतो, आणि धोक्याची खबर चटकन खरी मानतो. घाटात मनगटावर लाल आकडा चमकला की पाय जड होतात, ते यामुळेही असू शकेल.

म्हणून चढावर श्वासावर भिस्त ठेवावी, असं माझं मत आहे. एखादं वाक्य सलग बोलता येतंय का, एवढं पाहिलं तरी पुरतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी तर जाणवणाऱ्या मेहनतीला ६ ते २० अशी मोजपट्टीच दिली. तिच्यावरच्या आकड्याला दहानं गुणलं की निरोगी तरुणाचे ठोके ढोबळमानानं मिळतात.

शिवाय घड्याळातले ठोक्यांचे रंगीत पट्टे पुष्कळदा '२२० वजा वय' या सूत्रावर बेतलेले असतात. पन्नाशीच्या माणसाला ते ठोक्यांची १७० ही कमाल मर्यादा देतं. प्रत्यक्षात ती कुणाची १५८ असते, तर कुणाची १८२.